फास्ट फूड साखळ्यांसाठी तळणीचे तेल बनवणाऱ्या कारखान्यात काम करताना

बर्गर, फ्रेंच फ्राइज आणि तळलेले चिकन विकणाऱ्या साखळ्या स्वतः तेल तयार करत नाहीत. ते खाद्यतेलाच्या मोठ्या रिफायनरीतून येते, आणि पुष्कळदा घरगुती वापराच्या पिशव्या भरणारी रिफायनरीही तीच असते. मात्र साखळीच्या मालासाठी स्पेसिफिकेशन वेगळे असते, साठवणीच्या टाक्या राखीव असतात आणि कागदपत्रे कितीतरी अधिक असतात. आयटीआय, बीएससी किंवा डिप्लोमा करून अशा कारखान्यात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी, तसेच ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लागणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा आहे. इंडोनेशिया आणि मलेशियातून ते जहाजाने येत असल्यामुळे पामच्या रिफायनऱ्या कांडला, मुंद्रा, काकीनाडा, हल्दिया यांसारख्या बंदरांच्या आसपास उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात अशी कामे प्रामुख्याने रायगड जिल्ह्याच्या औद्योगिक पट्ट्यात मिळतात. लातूर, धुळे, अकोला, नागपूर या भागातील कारखाने मुख्यतः सोयाबीन आणि सरकीवर चालतात. तिथे रिफायनरीला जोडून सॉल्व्हंट प्लांट, म्हणजे द्रावकाने बियांतील तेल काढणारा विभाग असेल, तर हेक्झेन या अत्यंत ज्वलनशील द्रावकामुळे शिस्त आणखी कडक असते. या लेखात पामतेलाची रिफायनरी धरून चाललो आहे, कारण आपल्याकडे व्यावसायिक तळणीसाठी पामोलीनच, म्हणजे पामतेलाचा पातळ भागच, मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

याचे कारण समजले की कारखान्यातील अर्धे नियम आपोआप समजतात. हॉटेलच्या फ्रायरमध्ये तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसवर तासन्‌तास तापत राहते, त्यात ओले बटाटे पडतात, कणीक पडते, वरून हवा लागते. सोयाबीन तेलात सुमारे ७ टक्के लिनोलेनिक आम्ल असते आणि ते अशा तापमानाला लवकर बिघडते. पामोलीनमध्ये ते नाममात्र असते. पूर्वी हा टिकाऊपणा वनस्पती तुपासारख्या अंशतः हायड्रोजनयुक्त तेलातून मिळवला जाई. ट्रान्स फॅटचे दुष्परिणाम स्पष्ट झाल्यावर भारतात जानेवारी २०२२ पासून तेल आणि चरबीतील औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली आणि ती वाट बंद झाली. दुसऱ्या बाजूने, १ जुलै २०१८ पासून फ्रायरमधील तेलाचे एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तापून तेल बिघडताना तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. शेवटची रेषा कायद्याने अशी आखून दिल्यावर साखळीचा सगळा भर सुरुवातीच्या तेलावर येतो. फ्री फॅटी ॲसिड (तेलातील मुक्त आम्ले), म्हणजे कारखान्याच्या भाषेत एफएफए, ०.१ टक्क्याच्या आत आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू (हवा लागून तेल किती खवट होऊ लागले आहे याचे माप) १ च्या आत ठेवून माल पाठवावा, अशी अट सर्वसाधारणपणे असते. साखळीला उत्तम तेलाइतकेच दर वेळी तंतोतंत तसेच तेल हवे असते, कारण तिच्या फ्रायरची वेळ आणि तापमान ठरलेले असते आणि ते चालवणारा मुलगा आचारी नसतो.

प्रवेश कोणत्या दाराने

रिफायनरीतील कामे ढोबळमानाने पाच ठिकाणी विभागलेली असतात: टँक फार्म (साठवणीच्या टाक्या), प्रोसेस, युटिलिटी (वाफ, पाणी, वीज), लॅब आणि पॅकिंग. आयटीआयमधील अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड प्रोसेससाठी सर्वांत सरळ मार्ग आहे. फिटर आणि इलेक्ट्रिशियन मेंटेनन्समध्ये घेतले जातात. रसायनशास्त्रातील बीएससीवाल्यांची भरती लॅबमध्ये होते. बॉयलरवर काम करायचे असेल तर राज्याच्या बाष्पके संचालनालयाची परीक्षा देऊन मिळणारे बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र लागते, आणि ते ज्याच्याकडे आहे त्याला नोकरीची चणचण सहसा भासत नाही. पदवीपर्यंत जायचे असेल तर मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), नागपूरची एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) आणि जळगावच्या विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान संस्था इथे तेल तंत्रज्ञान शिकवले जाते.

पॅकिंग आणि लोडिंगमधील बहुतेक माणसे ठेकेदाराची असतात. ठेकेदारामार्फत लागताना रोजंदारीचा दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: पीएफचा यूएएन क्रमांक (नोकरी बदलली तरी कायम राहणारा खाते क्रमांक) केव्हा मिळेल, ईएसआयचे कार्ड निघेल का, आणि आठवड्याच्या ४८ तासांवरच्या कामाचा ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळेल का. हे प्रश्न विचारल्यामुळे नोकरी नाकारणारा ठेकेदार भेटला तर तो पहिल्याच दिवशी भेटला हे बरे. साखळ्यांना माल देणाऱ्या कारखान्यांत लेखापरीक्षक कामगारांची वयाची कागदपत्रे आणि वेतनाच्या नोंदीही तपासतात, त्यामुळे तिथे या बाबी इतर ठिकाणांपेक्षा थोड्या बऱ्या असतात.

रुजू होण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते आणि अन्न हाताळणाऱ्यांसाठी ती दर वर्षी पुन्हा करावी लागते. त्वचेचा संसर्ग, जुलाब किंवा कावीळ असताना कामावर येऊ नये आणि आल्यास सुपरवायझरला सांगावे. रोजंदारी बुडेल या भीतीने हे लपवले जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून चांगले कारखाने अशा माणसाला घरी न पाठवता त्या दिवसापुरते यार्डात किंवा गोदामातील कागदी कामावर बसवतात. तशी सोय आहे का, ते आधीच विचारून ठेवावे.

पॅकिंग हॉलमध्ये जाताना अंगठी, घड्याळ, बांगड्या, कानातले, दोरे-गंडे सगळे बाहेर ठेवावे लागते. केस आणि दाढी जाळीत झाकायची, खिशात काही ठेवायचे नाही, काचेची वस्तू आत न्यायची नाही, पेनसुद्धा कारखान्याने दिलेलेच वापरायचे. मंगळसूत्राबाबत प्रत्येक कारखान्याचा नियम निराळा असतो, तो पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा म्हणजे दारावर वाद होत नाही.

क्रूडपासून डब्यापर्यंत

क्रूडचा, म्हणजे शुद्ध न केलेल्या तेलाचा, टँकर गेटवर आला की आधी सीलचे क्रमांक चलनाशी ताडून पाहायचे, मग त्याच टँकरने यापूर्वी कोणता माल वाहिला होता आणि धुलाईचे प्रमाणपत्र आहे का, ते पाहायचे. सँपल वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवरून घ्यायचे असते. चालक घाईत असतो, त्याला उन्हात थांबायचे नसते, आणि वरच्या झाकणातून एक बाटली बुडवून काढणे फार सोपे असते. परंतु पाणी आणि गाळ तळाशी बसलेले असतात. थंडीच्या दिवसांत क्रूड पाम टँकरमध्ये लोण्यासारखे घट्ट होते. ते कॉइलमधून वाफ सोडून हळूहळू वितळवावे लागते, आणि पूर्ण पातळ होण्याआधी घेतलेल्या सँपलला काही अर्थ नसतो.

पुढची वाट थोडक्यात अशी. क्रूडमध्ये थोडे फॉस्फरिक ॲसिड मिसळून त्यातील गोंद वेगळा होईल अशी स्थिती आणली जाते, मग ब्लीचरमध्ये साधारण १०० अंशांवर, निर्वातात, ब्लीचिंग अर्थ नावाची माती घालून वीस ते तीस मिनिटे घोळवले जाते. माती रंग, गोंद आणि धातूंचे अंश शोषून घेते आणि लीफ फिल्टरवर अडकते. फिल्टरमधून बाहेर येणारे तेल काचेच्या खिडकीतून स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवून पुन्हा ब्लीचरमध्येच पाठवायचे असते. धूसर तेल पुढे गेले तर ती माती डिओडोरायझरच्या ट्रेवर जाऊन बसते आणि ती खरवडण्यासाठी प्लांट बंद करावा लागतो.

डिओडोरायझर हे रिफायनरीचे मर्मस्थान आहे. इथे तेल २४० ते २६० अंशांवर, २ ते ५ मिलिबार इतक्या कमी दाबाखाली ठेवून त्यातून वाफ सोडली जाते. वास देणारे घटक आणि मुक्त आम्ले वाफेबरोबर निघून जातात. ती आम्ले वेगळी गोळा होतात आणि पीएफएडी या नावाने साबणाच्या कारखान्यांना विकली जातात. पॅनेल ऑपरेटरला इथे सतत तोल सांभाळावा लागतो. तापमान कमी पडले तर एफएफए उतरत नाही. २३० अंशांच्या वर जितके चढवाल आणि जितका वेळ ठेवाल, तितके ग्लिसिडिल एस्टरसारखे नको असलेले घटक वाढतात, आणि अलीकडे बड्या खरेदीदारांच्या स्पेसिफिकेशनमध्ये त्यांचीही मर्यादा असते. व्हॅक्यूम घसरू लागला की अनुभवी ऑपरेटर तापमान वाढवत नाही. तो आधी इजेक्टरची (वाफेच्या झोताने हवा ओढून निर्वात करणाऱ्या साधनाची) वाफ, कंडेन्सरचे पाणी आणि गळती तपासतो. तेल गरम असताना आत हवा शिरणे हा इथला सर्वांत मोठा धोका आहे, म्हणून व्हॅक्यूम तोडायचाच झाला तर तो नायट्रोजनने, आणि तेलाचे तापमान ठरलेल्या मर्यादेखाली आल्यावरच तोडायचा.

इतके तापमान गाठण्यासाठी काही ठिकाणी थर्मिक फ्लुइड, म्हणजे नळ्यांतून उष्णता वाहून नेणारा द्रव, वापरतात. ते बहुधा खनिज तेल असते आणि नळीला केसाएवढी चीर पडली तरी खाद्यतेलात मिसळू शकते, त्यामुळे अनेक कारखान्यांनी त्याऐवजी उच्च दाबाच्या वाफेचे बॉयलर बसवले आहेत. तुमच्याकडे थर्मिक फ्लुइड असेल तर त्याच्या एक्स्पान्शन टँकची पातळी विनाकारण उतरणे ही तातडीने कळवण्याची गोष्ट आहे.

रिफाइंड पामतेल मग क्रिस्टलायझरमध्ये सावकाश थंड करतात. घट्ट होणारा भाग, म्हणजे स्टिअरिन, फिल्टर प्रेसवर राहतो आणि पातळ पामोलीन खाली उतरते. या कामात घाई चालत नाही, कारण पटापट थंड केलेल्या तेलाचे स्फटिक बारीक आणि मऊ होतात, ते कापडात भरतात आणि दोन्ही माल बिघडतात. साखळीच्या मालात शेवटी टीबीएचक्यू हा ऑक्सिडेशन रोखणारा पदार्थ आणि फेस रोखणारे डायमिथाइल पॉलिसिलोक्सेन घालतात. पहिल्याची कायदेशीर कमाल मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम, तर दुसऱ्याची अवघी १० मिलिग्रॅम आहे. दहा टनांच्या टाकीत दुसरा पदार्थ १०० ग्रॅमच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून तो आधी थोड्या तेलात नीट मिसळून मगच टाकीत सोडतात, आणि वजन एकाने करायचे व दुसऱ्याने पाहून सही करायची असा रिवाज आहे. सही करणाऱ्याने काट्याकडे खरोखर पाहिलेले असावे.

पॅकिंगमध्ये नवख्यांचा नेहमी होणारा घोळ म्हणजे १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा जार एकच समजणे. तेलाची घनता सुमारे ०.९१ असल्याने १५ लिटर तेल साधारण साडेतेरा ते पावणेचौदा किलो भरते. मशीन वजनावर लावले आहे की मापावर, हे शिफ्टच्या सुरुवातीला पाहून घ्यावे. बॅच क्रमांक आणि तारखेची छपाई दर तासाला वाचून तपासावी, कारण चांगले तेलही चुकीच्या छपाईपायी परत येते. विदर्भातील थंडीत पामोलीनचा जार पांढुरका होतो आणि भेसळीची तक्रार येते. तो केवळ गारठ्याचा परिणाम असतो आणि कोमट केल्यावर तेल पुन्हा निवळते, हे पॅकिंगच्या माणसालाही समजावून सांगता आले पाहिजे.

लॅबमधले दहा थेंब

लॅबमध्ये लागणाऱ्यांनी पेरॉक्साइड व्हॅल्यूची चाचणी हाताखालून शेकडो वेळा जाईल हे धरून चालावे. ५ ग्रॅम तेल फ्लास्कमध्ये घेऊन त्यात ॲसिटिक ॲसिड आणि क्लोरोफॉर्मचे ३० मिलिलिटर मिश्रण टाकतात, पोटॅशियम आयोडाइडचे संपृक्त द्रावण अर्धा मिलिलिटर घालून मिनिटभर हलवतात, ३० मिलिलिटर पाणी ओततात आणि ब्युरेटमधून ०.०१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडतात. पिवळा रंग जेमतेम दिसेनासा होत आला की स्टार्च घालायचा. द्रावण निळे होते, आणि तो निळा रंग ज्या थेंबाला जातो तिथे थांबायचे. या मापात ब्युरेटचा अर्धा मिलिलिटर म्हणजे पेरॉक्साइड व्हॅल्यू १, आणि अर्धा मिलिलिटर म्हणजे सुमारे दहा थेंब. लाखो रुपयांची बॅच पास होणार की पुन्हा डिओडोरायझरला जाणार, हे या दहा थेंबांत ठरते. त्यामुळे ब्लँक (तेल न घालता केलेली तीच चाचणी) न घेणे, जुना थायोसल्फेट वापरणे किंवा फ्लास्क उन्हाच्या खिडकीत ठेवणे इथे परवडत नाही. रंग लोव्हिबाँड टिंटोमीटरवर सव्वापाच इंची सेलमध्ये पाहतात. चव मात्र अजूनही जिभेनेच घेतात. त्यासाठी चाचणीआधी तंबाखू, मसाला आणि चहा वर्ज्य असतो, आणि हा नियम जितका मोडला जातो तितका दुसरा कोणताही मोडला जात नाही.

जिवाशी गाठ

घसरणे आणि भाजणे हे रोजचे धोके आहेत. तेलकट जिन्यावर कठड्याला धरूनच उतरावे, सांडलेले तेल दिसताच पुसावे, तेल न पकडणाऱ्या तळव्यांचेच बूट मागून घ्यावेत, आणि वाफेचा व्हॉल्व्ह एकदम न उघडता आधी कंडेन्सेट काढून मग सावकाश उघडावा. पेटलेल्या तेलावर कधीही पाणी मारू नये. फोम किंवा ड्राय पावडरचा सिलिंडर कुठे टांगला आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे. फिल्टरमधून काढलेल्या वापरलेल्या मातीकडे कचरा म्हणून पाहू नये. तिच्यात बरेच तेल शिल्लक असते, ते हवेशी संयोग पावून तापते आणि ढीग कोणी न पेटवताही आपोआप पेट घेतो. तिचे मोठे ढीग करू नयेत, ती गोण्यांमध्ये भरून शेडच्या लाकडी भिंतीशी रचू नये आणि ती लवकरात लवकर बाहेर पाठवावी.

टाकीत उतरणे ही बाब मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा जिल्ह्यात खाद्यतेलाच्या कारखान्यात टाकी साफ करताना ७ कामगार गुदमरून मरण पावले. तेल हा विषारी पदार्थ नाही, मग माणसे मरतात कशी, असे बाहेरच्याला वाटते. तळाचा ओला गाळ सडताना प्राणवायू खातो आणि घातक वायू सोडतो. तसेच तेल टिकावे म्हणून टाकीत नायट्रोजन भरलेला असतो, त्याला वास नाही, रंग नाही, ठसका लागत नाही. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो आणि १९.५ टक्क्यांखाली आत जाणे निषिद्ध आहे. फारच कमी प्राणवायूत एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते, शिडीकडे वळायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून परवान्याशिवाय मॅनहोलमध्ये डोकेसुद्धा घालू नये. परवाना म्हणजे नुसता सहीचा कागद नव्हे. टाकीला जोडलेल्या प्रत्येक लाइनला ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) टाकलेले आहे, ॲजिटेटरच्या (ढवळणाऱ्या यंत्राच्या) स्विचला कुलूप आहे, त्याची किल्ली उतरणाऱ्याच्याच खिशात आहे, ब्लोअर लावून हवा खेळवली आहे, आणि गॅस मीटरने वर, मध्ये व तळाशी मोजणी केली आहे, हे सर्व तुम्ही स्वतः पाहिले पाहिजे. आतला दिवा २४ व्होल्टचा हवा. उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस हवा आणि त्याची दोरी बाहेरच्या तिकाटण्याला बांधलेली हवी. मॅनहोलशी एक माणूस सतत उभा हवा. त्याला दुसरे काम सांगू नये, फोनसाठी हलवू नये. आतला माणूस कोसळला तर त्याने दोरी ओढायची, आरडाओरडा करायचा आणि आत उतरायचे नाही. अशा अपघातांत मृतांचा आकडा वाढतो तो पहिल्याला वाचवायला धावलेल्यांमुळे, आणि धावणारा बहुधा त्याचा भाऊ, गाववाला किंवा जोडीदार असतो. सुपरवायझर ‘पाच मिनिटांचे तर काम आहे’ असे म्हणाला तरी परवाना नसताना नकार द्यावा. असा नकार देण्याचा अधिकार तुम्हाला आहे आणि ठेकेदाराच्या माणसालाही तो तितकाच आहे.

लॉगशीट आणि ऑडिट

साखळीचा लेखापरीक्षक येतो तेव्हा तो चकचकीत फरशीकडे फार वेळ पाहत नाही. तो गोदामातील एखाद्या जारवरचा बॅच क्रमांक उचलतो आणि विचारतो की हे तेल कोणत्या क्रूड टाकीतून आले, त्या दिवशी कोणत्या लॉटची माती वापरली, टीबीएचक्यूची कोणती पिशवी फोडली, आणि याच बॅचचे बाकीचे जार कुठे गेले. काही तासांत हे सांगता यावे आणि आत आलेल्या मालाचा बाहेर गेलेल्या मालाशी मेळ बसावा, अशी अपेक्षा असते. ही सगळी साखळी शिफ्टमधील माणसांनी तासातासाला लिहिलेल्या आकड्यांवर उभी असते.

इथे नवीन माणसाला एक वाईट सवय फार लवकर लागते. रात्री दोनचे रीडिंग राहून जाते, म्हणून चारला दोन्ही लिहिली जातात. किंवा सगळे रकाने शिफ्टच्या शेवटी एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात भरले जातात. सराईत लेखापरीक्षकाला हे कागद हातात घेताक्षणी कळते. तासामागून तास व्हॅक्यूम अगदी ३.० मिलिबार दाखवणारी लॉगशीट त्याला सर्वांत आधी खटकते, कारण चालू प्लांट असा कधी वागत नाही. राहिलेले रीडिंग रिकामे ठेवून कारण लिहावे. चुकलेल्या आकड्यावर खाडाखोड किंवा व्हाइटनर न करता एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि वेळ टाकावी. आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तर तो तसाच लिहून शिफ्ट इंचार्जला सांगावे. मग ती बॅच अडकवायची की पुन्हा प्रोसेसला लावायची, हा निर्णय त्याचा आणि लॅबचा आहे.

शिफ्ट बदलताना तोंडी निरोपावर विसंबू नये. कोणता व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे, कोणत्या टाकीला होल्डचा (माल अडकवून ठेवल्याचा) फलक लावला आहे, कोणता पंप आवाज करतो आहे, हे वहीत लिहून, पुढच्या माणसाबरोबर एक फेरी मारून मगच निघावे. बस सुटते ही अडचण खरी आहे, म्हणून दहा मिनिटे आधी आवरायला लागावे.

पॅकिंगमधून पॅनेलपर्यंत जाता येते आणि जाणारे जातात. त्यासाठी हेल्पर असतानाच सुटीच्या वेळेत लाइन ट्रेस करावी, म्हणजे एखादा पाइप टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून हीट एक्स्चेंजरपर्यंत पायी चालून पाहावा आणि वहीत त्याचे चित्र काढावे. प्लांट वार्षिक देखभालीसाठी बंद असतो तेव्हा मेंटेनन्सच्या हाताखाली काम मागून घ्यावे, कारण डिओडोरायझरच्या ट्रे आणि कॉइल उघड्या पाहण्याची संधी त्याच दिवसांत मिळते. बारावी विज्ञान झालेल्याने बाहेरून बीएससी करावे की बॉयलरची परीक्षा द्यावी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. घरची जबाबदारी असेल तर बॉयलरची परीक्षा आधी द्यावी. त्यासाठी लागणाऱ्या अनुभवाचा दाखला कारखान्याकडून दर वर्षी लेखी घेत राहावा, कारण ठेकेदार बदलला की जुन्या कामाची नोंद शोधून देणारा कोणी उरत नाही.